कनवटीचा चाकू

वाकेवाडीच्या आठवडी बाजारात नवे फौजदार आले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खिशातले, कनवटीचे चाकू काढून टोपलीत टाकू लागले. कांदा चिरायचा, दावं कापायचं, शेळीचे खूर तासायचे, सगळं त्या चाकूवर चालायचं; पण फौजदारांपुढे बोलणार कोण? शेळ्या राखणारी राणूबाई नवऱ्यासोबत आली, तिने मात्र आपला चाकू सोडला नाही.

"आण इकडे!" फौजदार गरजले. "चाकू जवळ असला की भांडणात माणसाचा हात तिकडेच जातो."

राणूबाईने नवऱ्याला ओढून पुढे उभं केलं. "सायेब, लगीन झाल्यापासनं ह्यो चाकूबी माझ्याजवळ आन् हे धनीबी माझ्याजवळ. भांडान झालं न्हाई असा एक दिस गेला न्हाई. बघा बरं, कुठं वरखडा तरी हाय का!"

सारा बाजार खो खो हसला. फौजदारांनाही हसू आवरेना. "काय हो, खरं का हे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"खरंय सायेब. चाकू ऱ्हाऊ द्या हिच्याजवळ. जप्त करायचीच तर हिची जीभ करा."

"तेवढा अधिकार सरकारने मला दिलेला नाही," असं म्हणत फौजदारांनी टोपलीच लोकांपुढे सरकवली.