बाज निघाली विस्तवाकडे

घाटमाथ्यावरच्या एका गावात नागोजी नावाचा एक शेतकरी राहत होता. गाव चाळीस उंबऱ्यांचे. थंडी अशी, की पौषात सकाळी रांजणात हात घालवत नसे. आसपासचे रान राजाचे, तिथे कुऱ्हाड लावायची सोय नव्हती. म्हणून घरोघरची शेगडी पेटे ती खालच्या पेठेतून घोड्यांवर येणाऱ्या कोळशावर.

त्या वर्षी कोळशाचा भाव एका आठवड्यात तिप्पट झाला. का झाला, ते कुणालाच नीट कळले नाही. कुणी म्हणाले, राजाच्या लोहारशाळेत तलवारी घडत आहेत. कुणी म्हणाले, व्यापाऱ्यांनी कोठारे भरून ठेवली आहेत. कारण काहीही असो, गावातल्या शेगड्या एकेक करून विझू लागल्या.

नागोजीची आगटी मात्र विझली नाही. त्याच्या परसात गोवऱ्यांचे तीन हुडवे उभे होते, पुरुषभर उंच, वरून शेणाने नीट लिंपलेले. पडवीत एका बाजूला त्याचे दोन बैल बांधलेले असत आणि दुसऱ्या बाजूला आगटी दिवसभर फुललेली असे.

गावात एक जुनी रीत होती. दिवेलागणीला घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, दिला तर लक्ष्मी जाते. एरवी कुणीही खापरी घेऊन यावे आणि चार निखारे न्यावेत. पण कोळशाचा भाव चढला तशी ही रीतही चढत गेली. खापरी घेऊन आलेल्या शेजारणीला नागोजी सकाळीच म्हणाला, "आज मंगळवार. विस्तव देत नाही." बुधवारी त्याच्या घरी कुळधर्म निघाला. गुरुवारी एकादशी निघाली. ज्यांच्याकडे थोडेफार जळण होते, त्यांनाही हे सोयीचे वाटले. पंधरा दिवसांत अशी वेळ आली, की विस्तव द्यायला चालेल असा एकही वार गावात उरला नाही. आणि नवल हे, की आपण धर्मच पाळतो आहोत असे प्रत्येकाला मनापासून वाटत होते.

अशात रखमाजी नावाच्या गरीब माणसाची बायको, मैना, बाळंत झाली. पहिलटकरीण, आणि तीही दिवस भरायच्या आधी. मुलगी झाली, वितीएवढी. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी हवी, ओव्याची धुरी हवी. पण कोळसा आणायला गेलेला रखमाजी भाव ऐकून रिकामे पोते खांद्यावर टाकून परत आला होता. शेगडीत नुसती राख होती.

गावची सुईण सगुणाआत्या. तिने मुलीचे पाय हातात घेतले. थंडगार! मुलगी रडतही नव्हती.

आत्या खापरी घेऊन निघाली. पहिल्या दारात ऐकले, "आज शनिवार, आत्या." दुसऱ्या दारात ऐकले, "काल आला असता तर लगेच दिला असता." काल ती दुसऱ्या कुणासाठी आली होती, तेव्हा तिथे हेच ऐकले होते. दारामागून दार झाले. ऊन उतरले. शेवटी ती नागोजीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"नागोजीराव, चार निखारे द्या. मैनेची पोर गारठलीय."

नागोजीने आगटीकडे पाहिले, मग आभाळाकडे पाहिले. "आता तर दिवेलागण झाली, आत्या. विस्तव उंबऱ्याबाहेर कसा काढू? सकाळी या."

"सकाळी निखारे नेऊन मी शेकू कुणाला?"

"मी काय करू? रीत काही मी नाही घातली."

आत्याने हातातली खापरी अंगणात आपटून फोडली. "बरं तर! विस्तवानं बाहेर जायचं नाही ना? नको जाऊ दे. बाळंतिणीनं आत येऊ नये, असं कुठं आहे?"

आणि लुगड्याचा ओचा खोचून साठ वर्षांची आत्या रखमाजीच्या घराकडे पळत सुटली!

"रखमाजी, बाज उचल! ए, तुम्ही तिघं दारात उभं राहून काय बघताय? लावा खांदा!"

चौघांनी बाज उचलली. बाजेवर मैना, तिच्या छातीशी मुलगी, वर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या. पुढे आत्या ओरडत होती, "वाट सोडा! बाळंतीण येतेय!" धडाधड दारे उघडली. बाया, म्हातारे, पोरे, सगळी मागे लागली.

"आत्या, ही वरात कुठं निघाली?"

"जिथं विस्तव आहे तिथं!"

नागोजी दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभा राहिला. "अहो, सोयर आहे! घर बाटेल माझं!"

"देव तुमचे माजघरात. बाज ठेवणार मी पडवीत, बैलांशेजारी. बैलांना सोयर चालतं का, विचारून बघू?"

लोक हसले. नागोजी हसला नाही. त्याची नजर गोधडीतल्या चेहऱ्यावर गेली होती. चेहरा मुठीएवढा होता आणि ओठ निळसर पडले होते. त्याचे हात चौकटीवरून आपोआप खाली आले.

"उजव्या अंगानं घ्या," तो बाजूला सरत म्हणाला. "डावीकडं बाज अडकेल."

बाज आगटीशी टेकली. आत्याने निखाऱ्यांवर ओवा टाकला. तिने आपले तळवे शेकावेत आणि मुलीची पावले चोळावीत, पुन्हा शेकावेत, पुन्हा चोळावीत. रखमाजीने डोळे मिटून घेतले होते. आणि एकाएकी मुलीने असा टाहो फोडला, की दोन्ही बैल दचकून उठले! सगळी पडवी आनंदाने ओरडली. सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो नागोजी.

मग घरी जायचे कुणाच्या मनातच येईना. एक म्हातारी खांद्यावरचे कांबळे काढत म्हणाली, "चाळीस घरांत माणसं वेगवेगळी कुडकुडत होती. इथं एका आगटीवर सगळ्यांना घाम फुटलाय. आपण येडेच की!"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक आळीत एकच आगटी पेटू लागली. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने आणावे आणि सगळ्यांनी शेकावे. नागोजीने आपला एक हुडवा फोडून गावाच्या चारही आळ्यांना गोवऱ्या दिल्या. कोळशाचे घोडे आले आणि भरल्या पोत्यांनी परत गेले. पुन्हा आले ते उतरलेला भाव घेऊन.

बाराव्या दिवशी नागोजीच्याच पडवीत मुलीचे बारसे झाले. पाळणे म्हणता म्हणता सूर्य बुडाला. आता मैनेला घरी न्यायचे होते. रखमाजीने बाजेला हात घातला आणि थबकला. घरची शेगडी अजून गारच होती. मागायला तोंड उघडवेना.

नागोजीने चिमटा उचलला. आपल्याकडची शेगडी निखाऱ्यांनी काठोकाठ भरली, ओल्या पोत्यात धरली आणि उंबरा ओलांडून तो रखमाजीच्या घराकडे चालू लागला.

"नागोजीराव," आत्या मागून म्हणाली, "दिवेलागण झाली की हो!"

"म्हणूनच नेतोय," नागोजी न थांबता म्हणाला. "गारठा आत्ताच तर पडायला लागतो, आत्या."

तात्पर्य: टंचाईच्या दिवसांत आपण हात आखडतो, त्याला धर्माचे नाव देऊ नये; एकत्र बसले तर थोडे जळणही पुष्कळांना पुरते.