बाभळीवरचा मित्र

फार जुनी गोष्ट. साल कुणाला आठवत नाही, पण तिथी चैत्र वद्य पंचमी होती. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला. माळावरच्या गवतात तुरेवाली नावाची चंडोलीण आपल्या पिल्लाला, गोंड्याला, भरवत होती. गोंड्याला अजून उडता येत नव्हतं, पण कंठ मात्र फुटला होता.

"आई, मी गायलो की पलीकडून एक पिल्लू लगेच साद देतं. म्हणतं, काय गोड गळा आहे तुझा! अजून मोठ्याने गा, कुठे आहेस ते कळू दे."

तुरेवाली वर उडाली. साद बाभळीच्या शेंड्यावरून येत होती. तिथे खाटीक पक्षी बसून हुबेहूब पिल्लाच्या आवाजात बोलत होता. शेजारच्या काट्याला एक सरडा टोचलेला होता आणि चंडोलाचं एक कोवळं पीस अडकलं होतं.

ती खाली आली. "उडता येईपर्यंत गाणं बंद."

"सगळे गातात! मीच काय तोंडाला कुलूप लावू?"

"लाव. तुझा मित्र बाभळीवर बसतो. चंडोलाची पोरं काट्यावर बसत नाहीत."

"तो रुसेल ना!"

"रुसू दे. तूही रुस."

गोंडा रुसला. तुरेवालीने रुसवा सोसला, आणि साद आली की ती त्याच्यावर पंख पसरून बसू लागली.

वैशाख शुद्ध पंचमीला गोंडा उडाला आणि आभाळात उंच जाऊन गायला. खाटकाने मान वर करून गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि तो दुसऱ्या माळावर निघून गेला.