गुणाजी रॉक गायला शिकला

एका गावात एक भोळा टेम्पोवाला होता. गावाचं नाव कवठेकुंड आणि त्याचं नाव गुणाजी. भोळा म्हणजे किती? पुढच्या ट्रकवर ‘हॉर्न वाजवा’ असं लिहिलेलं दिसलं, की हा सांगली येईपर्यंत हॉर्न वाजवत जायचा. ट्रकवाला उतरून अंगावर धावून आला, तर म्हणायचा, “तुमीच तर लिवलंय की!”

या गुणाजीचा जीव चंद्रकलेवर जडला होता. चंद्रकला म्हणजे मांडववाल्या आबा मोरबाळ्यांची एकुलती एक लेक. तिलाही हा आवडायचा. का आवडायचा ते तिचं तिलाच ठाऊक. प्रेम आंधळं असतं म्हणतात; हे तर बहिरंही होतं.

आबांच्या मनात जावई भरला होता तो खताच्या दुकानाचा मालक नरहरशेठ. पण आबांची एक अडचण होती. मांडवाबरोबर त्यांचा ऑर्केस्ट्राही होता आणि त्याला आता कुत्रं विचारत नव्हतं. शेजारच्या गावच्या जत्रेत कुणीतरी रॉक गाणारा येऊन गेला होता. तेव्हापासून जो तो म्हणे, गाणं ऐकायचं तर तसलंच.

गुणाजी पोरीला मागणी घालायला आला, तेव्हा आबा म्हणाले, “जत्रंत स्टेजवर एक रॉक गाणं म्हण. पब्लिक शेवटपर्यंत बसली, तर पोरगी तुझी. उठली, तर नरहरशेठची. जत्रंला पंधरा दिवस हायेत.”

चंद्रकला त्याला विहिरीपाशी गाठून म्हणाली, “नीट शीक रं बाबा. त्या खताच्या वासात मला जन्म काढायचा न्हाई.”

गुणाजी मिरजेला गेला. तिथं विल्सन मास्तर राहत. खांद्यापर्यंत केस, कानात बाळी, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत रॉक गायलेले. मास्तरांनी त्याला पोटातून आवाज काढायला शिकवलं आणि पहिला धडा दिला.

“रॉक म्हणजे लाजायचं नाही. समोर पब्लिक श्वास रोखून गप्प बसलीय, सगळ्यांची नजर वर लागलीय असं दिसलं, की सोडायची किंकाळी!”

“बरं झालं सांगितलंत,” गुणाजी म्हणाला. “आता चुकायचो न्हाई.”

परत येताना नदीवर त्याला माणसं दिसली. गावातल्या दादू अण्णांचा दहावा होता. पिंड मांडलेला. सकाळपासून कावळा शिवत नव्हता. शेवटी एकदाचा एक कावळा खालच्या फांदीवर आला. सगळे श्वास रोखून गप्प. सगळ्यांची नजर वर.

गुणाजीनं टेम्पो थांबवला आणि पोटातून किंकाळी सोडली.

तो कावळा तर उडालाच, पण पुढं आठ दिवस पंचक्रोशीत कावळा दिसला नाही. भटजी नदीत पडले. दादू अण्णांच्या थोरल्या मुलानं गुणाजीला आधी धुतला आणि मग समजावलं.

“आरं, अशा वक्ताला हात जोडावंत. हळू आवाजात म्हणावं, काळजी करू नका, तुमची राहिलेली इच्छा आमी पुरी करतो, पोराबाळांचं बघतो. मग जीव मार्गाला लागतो.”

“बरं झालं सांगितलंत. आता चुकायचो न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आबांकडं गेला. शिक्षण कसं चाललंय ते सांगायला. आबा जेवून पडवीत आडवे झाले होते. माश्या बसतात म्हणून डोक्यावरून पांढरं धोतर ओढलेलं.

गुणाजी गंभीर झाला. त्यानं चपला काढल्या. हात जोडले.

“आबा, काळजी करू नका. तुमची राहिलेली इच्छा मी पुरी करतो. चंद्रकलेचं मी बघतो. तुमी आता मार्गाला लागा.”

आबा ताडकन उठले. धोतरासकट उठले. चंद्रकला दाराआड तोंडात ओढणी कोंबून हसत होती, आणि हसता हसता रडायच्या बेतात होती, कारण जत्रेला आता थोडेच दिवस होते.

“मुडद्या!” आबा ओरडले. “माणूस आडवा दिसला, की लगीच पोचवतोस व्हय रं? आधी तोंडावर पाणी मारावं! उठतोय का बघावं!”

“बरं झालं सांगितलंत, आबा. आता चुकायचो न्हाई.”

पुढच्या शिकवणीला विल्सन मास्तर रंगात आले होते. “आज तुला खरा रॉक दाखवतो,” म्हणाले. माईक हातात घेतला, गुडघ्यावर बसले, मग पाठीवर पडले. डोळे मिटले आणि लांबलचक सूर लावला.

माणूस आडवा! गुणाजी धावत मोरीत गेला. तांब्यानं भागेल असं त्याला वाटेना. त्यानं बादलीच आणली आणि मास्तरांच्या तोंडावर ओतली.

माईक भिजला. मास्तरांना असा झटका बसला, की ते पडल्या जागेवरून टेबलावर उभे. वेटोळे झाले, सरळ झाले, ‘आई आई आई’ असं तीन पट्ट्यांत ओरडले. मग स्पीकरमधून धूर निघाला आणि सगळं शांत झालं. मास्तरांचे खांद्यापर्यंतचे केस आता छतापर्यंत होते.

“गाढवा,” मास्तर हळूच म्हणाले. मोठ्यानं बोलायचं बळच उरलं नव्हतं. “समोरचा माणूस ओरडतोय, हातपाय झाडतोय, तर मध्ये तडमडायचं नसतं. टाळ्या वाजवायच्या. शिट्टी मारायची. ‘वन्स मोर’ म्हणायचं.”

“बरं झालं सांगितलंत, मास्तर. आता चुकायचो न्हाई.”

आणि खरंच, या वेळी चुकायचं नाही असा त्यानं चंग बांधला.

गावात शिरताना चिंचेखाली सरपंच दिसले. फांदीवरचं आग्यामोहोळ उठलं होतं. सरपंच ओरडत होते, हातपाय झाडत होते, धोतराचा सोगा फिरवत गोल गोल नाचत होते. गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या गावात एवढा मोठा कलावंत, आणि आपल्याला पत्ता नाही! त्यानं कडाडून टाळ्या वाजवल्या, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी फुंकली आणि ओरडला, “वन्स मोर!”

त्या गलक्यानं माश्या पुन्हा चवताळल्या. सरपंचांना वन्स मोर द्यावाच लागला. टमटमीत सुजलेल्या तोंडानं त्यांनी गुणाजीला गावभर पळवून मारला. काही सांगायचं म्हटलं तरी त्यांचे ओठ हलत नव्हते, म्हणून तेवढा एक धडा राहिला.

जत्रेच्या आदल्या दिवशी मास्तरांनी कपाळाला हात लावला. “बाळा, आतापर्यंत शिकवलेलं सगळं विसर. सरळ उभा राहा, पोटातून गा, बास. फक्त एकच लक्षात ठेव. गाणं संपलं, की हातात जे असेल ते पब्लिकमध्ये भिरकावून द्यायचं. रॉकवाल्यांची रीतच आहे ती. ज्यानं झेललं त्याचं. परत मागायचं नाही. परत मागेल तो कसला रॉकवाला?”

“हातात काय असंल ते?”

“काय असेल ते.”

“बरं झालं सांगितलंत, मास्तर. आता चुकायचो न्हाई.”

चंद्रकलेनं भिरकावण्यासाठी त्याला नवाकोरा टॉवेल आणून दिला. त्यावर स्वतःच्या हातानं मोगऱ्याचं फूल भरलं होतं.

जत्रेला तोबा गर्दी झाली. पहिल्या रांगेत नरहरशेठ, मांडी घालून, खताच्या गोण्या उचलून उचलून कमावलेले दंड चोळत बसला होता. पब्लिक कधी उठते याची वाट बघत होता.

गुणाजी उभा राहिला आणि गायला लागला. आणि काय सांगू! पंधरा दिवस मार खाऊन खाऊन त्याची किंकाळी अस्सल झाली होती. म्हातारी माणसं डोलायला लागली. पोरं खांबांवर चढली. सरपंचांनी सुजलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. एक माणूस उठला नाही. नरहरशेठचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

गाणं संपलं. गुणाजीनं टॉवेल वर उचलला. तेवढ्यात आबा हमसून हमसून रडत स्टेजवर आले. त्यांनी त्याच्या हातातला टॉवेल ओढून घेतला, डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि खांद्यावर टाकला. मग गुणाजीचे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाले, “जिंकलास, जावईबापू!”

गुणाजीनं हाताकडं पाहिलं. गाणं तर संपलं होतं. हातात आबा होते.

त्यानं क्षणभरही विचार केला नाही. आबांना कमरेत धरलं, दोनदा गरगर फिरवलं आणि पब्लिकमध्ये भिरकावून दिलं.

आबा पहिल्या रांगेवर आले. पब्लिक फाकली, पण नरहरशेठ हलला नाही. युरियाची गोणी झेलावी तसं त्यानं आबांना अलगद झेललं.

नरहरशेठच्या कडेवरूनच आबा थरथरत गरजले, “यानं मला वाचिवलं! ह्योच माझा जावई!”

चंद्रकला धावत स्टेजपाशी आली. “आरं गुणाजी, बघत काय बसलास? पाया पड आबांच्या! मला परत माग!”

गुणाजीनं घाम पुसला आणि प्रेमानं मान हलवली.

“छे गं येडे,” तो म्हणाला. “परत मागेल तो कसला रॉकवाला?”