खर्ज मिसळणारा स्पीकर

जुने ॲम्प्लिफायर जळून गेले, पण त्यांचे आवाज मागे राहिले, त्या काळची ही गोष्ट.

मिरजेच्या रोहिदास गिटारवाल्याकडे एक डबी होती. तिला स्वतःचा आवाज नव्हता. गिटार जोडली की ती त्या मेलेल्या ॲम्प्लिफायरांच्या आवाजात बोलायची. तिला तोंड हवं म्हणून रोहिदासने दोन स्पीकर आणले. पहिला डबीने दिलं तेवढंच बोलायचा. दुसरा प्रत्येक सुरात स्वतःचा खर्ज मिसळायचा.

"हा दुसरा कसा भरून बोलतो," म्हणत रोहिदासने पहिल्याला गोणपाटाखाली ढकललं.

दुसऱ्याचा खर्ज फार घुमला, की रोहिदास डबीतला खर्ज उतरवायचा.

"उतरवायचा तर त्याचा उतरव," डबी कळवळून म्हणाली. "सभागृहातल्या मोठ्या भोंग्यांकडे माझाच आवाज जातो, त्याचा नाही."

"गप बस. मला झकास ऐकू येतंय."

कार्यक्रमात रोहिदासच्या पायाशी ठेवलेल्या दुसऱ्या स्पीकरमधून भरदार सूर घुमले. तो डोळे मिटून वाजवत राहिला. समोरच्या भोंग्यांतून मात्र खर्ज उतरवलेला डबीचा आवाज पत्र्यावर नखं ओढल्यासारखा किंचाळत होता. लोक कानांवर हात ठेवून एकेक करून उठून गेले.

गाणं संपलं. रोहिदासने डोळे उघडले, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. घाबरून त्याने दुसऱ्या स्पीकरच्या वायरी उपटल्या.

वायरी हातात लोंबत होत्या, तरी स्पीकर बोलला. आवाज रोहिदासचाच होता.

"झकास वाजवलंस. आणखी एक होऊ दे."

आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर रोहिदासची बोटं पुन्हा तारांकडे वळली.