पोपटांची नेमणूक

विषय : राजरुग्णालयात परिचारिका नेमण्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून लहानथोर वाचकांस कळवण्यात येते की, फार पूर्वी, सनावळ्या सुरू होण्याच्याही आधी, एक राज्य होते. त्या राज्यात मरण विचारल्याशिवाय आत येत नसे.

दिवेलागणीला ते रुग्णालयाच्या दारात उभे राही. त्याला चेहरा नव्हता. ते आले की वारा नसतानाही समयांच्या ज्योती दाराकडे झुकत. मग एकेका खाटेकडे वळून ते विचारी, “याच्याजवळ कोण आहे?”

रोग्याचा हात हाती धरून परिचारिका म्हणे, “मी आहे.” मरण त्याला सोडून पुढच्या खाटेकडे वळे. ज्याचे आयुष्य खरोखरच संपलेले असे, त्याचा हात ती स्वतःच हलकेच सोडी. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, मरणाचीही नाही.

राज्यात मान मात्र वैद्यांना होता. वैद्यांना पालखी, परिचारिकांना “अगं ए!” थकून एकेक जण निघून गेली. रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवण्यात आल्या. शेवटी एकच वृद्ध परिचारिका उरली.

ती राजाला म्हणाली, “महाराज, माणसं द्या. खाटा पुष्कळ आहेत, माझे हात दोनच.”

राजाने प्रधानांकडे पाहिले. प्रधान हुशार होते. राज्याचे बरेचसे नुकसान त्यामुळेच झाले होते.

“महाराज, मरणाला उत्तर तेवढं हवं असतं,” ते म्हणाले. “त्यासाठी माणूस कशाला?”

प्रत्येक खाटेवर एक पिंजरा टांगला गेला. पोपटांना दोनच शब्द शिकवले गेले. त्या संध्याकाळी मरणाने विचारताच सगळे पिंजरे एका सुरात म्हणाले, “मी आहे!” मरण बराच वेळ दारात उभे राहिले आणि निघून गेले. प्रधानांना शालजोडी मिळाली.

दुसऱ्या संध्याकाळी मरणाने प्रश्न बदलला. “याला तहान लागली आहे का?”

“मी आहे,” पोपट म्हणाला.

“याचं अंग तापलंय की गार पडलंय?”

“मी आहे.”

मरण आत आले.

सकाळी पोपट सगळे होते, रोगी मात्र वृद्ध परिचारिकेने हात धरलेले दोनच. चौकशी बसली. पोपटांचे उच्चार सदोष असल्याचा निष्कर्ष निघाला.

पुढे तापाने राजाच आडवा झाला. त्याला रुग्णालयात आणले, पिंजरा सोन्याचा टांगला. संध्याकाळ झाली. ज्योती दाराकडे झुकल्या. पलीकडे ती वृद्ध परिचारिका दोन खाटांच्या मध्ये बसली होती. एका हातात कुंभारणीचा हात, दुसऱ्यात तिच्या तान्ह्या मुलीचा.

“बाई, इकडे या,” राजा म्हणाला.

“दोन्ही हात गुंतलेत, महाराज.”

“एक सोडा.”

“कोणाचा सोडू, तेवढं सांगा.”

राजाने त्या दोघींकडे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच हुकूम गिळला. मग त्याने प्रधानांपुढे हात केला. प्रधानांनी तो दोन बोटांत धरला.

दारातून आवाज आला, “याला तहान लागली आहे का?”

प्रधानांनी राजाच्या कोरड्या ओठांकडे पाहिलेच नाही. ते दाराकडे पाहून अदबीने म्हणाले, “माहिती मागवतो.”

मरण आत आले. राजा पुटपुटला, “दर दोन खाटांना एक परिचारिका नेमा. त्यांना मान द्या, पोटभर पगार द्या.” एवढे बोलून तो गेला. आज्ञा तोंडी असल्याने तिची नोंद झाली नाही.

बोध : आजाऱ्याचा हात धरणाऱ्याची कदर जे राज्य वेळेवर करत नाही, त्याच्या राजाचाही हात धरायला कोणी उरत नाही.

नव्या राजाच्या राज्याभिषेकानंतर वृद्ध परिचारिकेने माणसे मागणारा रीतसर अर्ज दिला. तो प्रधानांकडे अभिप्रायासाठी गेला आहे. प्रधान सध्या त्याच रुग्णालयात उपचार घेत असल्याने अर्ज प्रलंबित आहे.