वाऱ्यावरचा खटला

भर मिरवणुकीत वाऱ्यानं राजा गजसेनाचा फेटा उडवला आणि थेट नदीत टाकला! राजाचं टक्कल उन्हात चमकलं. प्रजा खोखो हसली.

राजा कडाडला, "वाऱ्यावर खटला भरा! तो हजर होईपर्यंत छत्र धरणारा भिवा त्याच्या जागी तुरुंगात!"

सरकारी वकिलांची पळापळ झाली. एकाच्या पोटात दुखू लागलं, दुसरा सासुरवाडीला पळाला. शेवटी दवंडी पिटली, "जो आरोपी हजर करील, तो राज्याचा सरकारी वकील!"

नदीपलीकडे साळू राहायची, नावाड्याची लेक. रोज स्वतः नाव वल्हवत ती कायद्याच्या पाठशाळेत गेली, परीक्षेत पहिली आली. पण नोकरी मागायला गेली की कारभारी तिला दारातूनच हाकलायचे. भिवाची बायको तिच्याकडे रडत आली, "साळूबाई, आता तुम्हीच काहीतरी करा!"

साळू तडक दरबारात उभी राहिली.

"महाराज, मी सरकारतर्फे आलेय. आरोपी इथंच आहे!"

दरबारी आसनांखाली वाकून पाहू लागले.

"कुठंय?" राजा ओरडला.

"आपल्या नाकात लपलाय! हा बघा, आत गेला... बाहेर आला... परत आत!"

"पकडा त्याला!"

"महाराजांच्या नाकाला कोण हात लावणार? आपणच नाक दाबा, तोंड मिटा. आरोपी अटकेत!"

राजानं नाक दाबलं, तोंड मिटलं. साळू सावकाश आरोप वाचू लागली, "आरोपीचं नाव वारा. राहणार कुठंही. धंदा भटकण्याचा..."

राजा लाल झाला, मग वांग्यासारखा जांभळा! तो हातानंच 'आटप, आटप' म्हणू लागला.

"थांबा महाराज, अजून साक्षीदार यायचेत!"

"हाऽऽ फूः!"

"अरेरे! आरोपीला सोडलंत?"

"सोडला, बाई, सोडला! त्याच्यावाचून जीव चालला होता माझा!"

"मग फिर्यादीनंच खरा आरोपी सोडला! आता त्याच्या जागी कोंडलेला भिवा आत कशाला?"

राजा असा हसला की सिंहासन हललं!

"भिवाला सोडा! आणि कारभाऱ्यांनो, सरकारी वकीलबाईंना वाट द्या!"

गळ्यातला मोत्यांचा हार त्यानं साळूच्या हाती दिला आणि पुन्हा पोट धरून हसत सुटला.