पहिली पायली रिबकाची

बेथेलवाडीच्या मंगळवारच्या बाजारात ज्वारी घ्यायला उभे राहिलात, तर दुकानदार मापाला हात लावणार नाही. माप तो तुमच्या हाती देईल. भरायचं तुम्ही, वरची शीग तळहातानं सपाट करायची तीही तुम्हीच. दुसऱ्या कुठल्याही बाजारात पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. इथं 'लाभ' हा शब्द कुणी उच्चारत नाही. पहिल्या मापाला एका मुलीचं नाव घेतात, आणि ते घेणाऱ्यानं घ्यायचं. विकणारा 'दोन'पासून मोजतो.

समोर देऊळ दिसतं ना, क्रूसाचं, त्याच्या दाराशी खिळ्याला बूड नसलेल्या दोन पायल्या टांगल्या आहेत. या पायल्या थोमाजी बोर्ड्यांच्या, असं सांगतात.

थोमाजी म्हणजे वाडीतले एकुलते एक धान्यवाले आणि ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचे कारभारी. आवाज भरदार, म्हणून रविवारी शास्त्रपाठ तेच वाचायचे. घरात लहान-मोठी दोन मापं ठेवू नका, परमेश्वराला त्याचा वीट आहे, हा पाठही त्यांनी कितीदा वाचला होता, आणि वाचताना आवाज कधी कापला नव्हता. आणि दुकानात मात्र त्यांच्या दोन पायल्या होत्या. माल घ्यायची पायली आतून कोरलेली, द्यायचीच्या बुडाशी लाखेचा थर. पेठेतले सगळेच असं करत. देवळात देव, बाजारात बाजार, असा त्यांचा सरळ हिशेब.

वाडीत एक चाल होती. रोज दळण काढताना प्रत्येक घरानं एक मूठ ज्वारी बाजूला ठेवायची, देवाची मूठ म्हणून. वर्षाकाठी ती गोळा व्हायची आणि अडीअडचणीसाठी जमिनीतल्या पेवात साठवायची. पेव थोमाजींच्या अंगणात, म्हणून मोजून घालायचं कामही त्यांच्याकडे. अशा तीनशे पायल्या साठल्या.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसरं वर्षही गेला. पाळक रावजीबाबांनी पेव उघडायला सांगितलं. दर मंगळवारी घरटी एक पायली, जास्त नाही. थोमाजींनी एक दाणासुद्धा स्वतःच्या घरी नेला नाही, हे त्यांचे वैरीही मान्य करत.

सगुणाबाईचा नवरा खडी फोडायच्या कामावर गेला तो परत आलाच नव्हता. तिची चार वर्षांची रिबका तिच्या पदराला धरून रांगेत उभी असायची. एका मंगळवारी सगुणाबाई म्हणाली, "थोमादादा, ही पायली उथळ दिसती."

थोमाजी हसले. "पायली तीच हाय गं. पोटातली आग वाढली तुझ्या."

रांग हसली. सगुणाबाईही हसली, म्हणे.

ज्येष्ठात रिबका गेली. त्यानंतर पंधराच दिवसांनी पाऊस आला.

त्याच आठवड्यात तीनशेवी पायली वाटून झाली आणि थोमाजी पेव झाडायला खाली उतरले. पाहतात तर तळाशी मांडीएवढी ज्वारी! तीनशे आत गेल्या, तीनशे बाहेर आल्या, मग ही कुठली? वर उभे असलेले लोक ओरडले, "देवानं वाढवली!" बायबलात दुष्काळात सारफथच्या विधवेच्या मडक्यातलं पीठ सरलं नव्हतं, तशीच ही ज्वारी. कुणी डफ आणला, कुणी भजन धरलं. रावजीबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. येत्या रविवारी उपकारस्तुती करायची आणि थोमाजींना हार घालायचा, असं ठरलं.

थोमाजी मात्र पेवातच उभे राहिले. त्यांना कळलं होतं.

पेठेत एक तेलवाला होता. सासऱ्याला तेल देतानाही अंगठा मापात बुडवायचा. सासऱ्याला फसवावं असं त्याच्या मनात नव्हतं, पण अंगठ्याला दुसरी जागाच ठाऊक नव्हती. थोमाजींचं तसंच झालं. धान्य येतंय म्हटल्यावर हात मोठ्या पायलीकडे गेला, जातंय म्हटल्यावर छोटीकडे. देवाची मूठही त्याच हातांनी मोजली गेली. वाडी दोन वर्षं अर्धपोटी राहिली आणि तिचा घास या पेवात पडून होता.

गप्प बसले असते तर चमत्कार झाला असता. हारही मिळाला असता.

रविवारी पाठ वाचायला ते उभे राहिले ते दोन्ही पायल्या घेऊन. मोठी ज्वारीनं भरली आणि सगळ्यांसमोर छोटीत ओतली. छोटी भरली, दाणे खाली सांडले, आणि मोठीत तरीही उरले.

म्हातारा लूकस पुढं आला. "म्हंजी चमत्कार न्हाई?"

"न्हाई लूकसबाबा. माझा हात हाय."

थोमाजी सगुणाबाईपुढं गुडघ्यांवर बसले. "शास्त्रातल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत केलं व्हतं. मी बी करतो."

सगुणाबाई म्हणाली, "जक्कयानं कुणाचं लेकरू न्हवतं नेलं," आणि उठून निघून गेली. क्षमा केली, असं तिनं कधीच म्हटलं नाही. काहीजण सांगतात की शेवटी केली. पण ते गोष्ट गोड करायला सांगतात.

थोमाजींनी दोन्ही पायल्यांची बुडं फोडली आणि दाराशी टांगली. मंगळवारी नवी पायली घेऊन बसले. ऊन डोक्यावर आलं तरी गिऱ्हाईक फिरकलं नाही. पहिली आली ती सगुणाबाई. तिनं त्यांच्या हातातून पायली घेतली, भरली, तळहात फिरवून शीग उतरवली. थोमाजींच्या तोंडी सवयीनं 'लाभ' येणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"रिबका."

आणि त्यांच्याकडे बघत थांबली. मग थोमाजी म्हणाले, "दोन."

मरेपर्यंत त्यांनी पहिलं माप कधी तोंडानं मोजलं नाही, असं सांगतात.

आता पायल्यांच्या जोडीला विजेचे काटे आले, किलोचे आकडे लाल अक्षरांत दिसतात. पण आजही पहिलं माप गिऱ्हाईकच भरतं. परगावचा माणूस भरतो आणि नुसता उभा राहतो, कारण त्याला ठाऊक नसतं. दुकानदार घाई करत नाही, रागावत नाही, समजावूनही सांगत नाही. मागच्या रांगेतलं कुणीतरी हळूच त्याच्या कानात नाव सांगतं. ते नाव तो उच्चारेपर्यंत बेथेलवाडीत कुणी 'दोन' म्हणत नाही.